माझं स्वतःचं फ्रेमवर्क होतं, त्याची गोष्ट

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करत होतो तर एक फोल्डर सापडला, "पाया फायनल नवीन २". नाव बघूनच हसू आलं. पाया म्हणजे माझं स्वतःचं फ्रेमवर्क, पीएचपी ह्या वेबसाइट लिहायच्या भाषेतलं. फ्रेमवर्क म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरला परत परत लागणाऱ्या कोडचा तयार सांगाडा. होय, स्वतःचं, म्हणजे लॉगिनपासून डेटाबेसपर्यंत सगळं हातानं लिहिलेलं. २०११ साली चालू केलं, त्याच वर्षी लॅरॅवेल ह्या तयार फ्रेमवर्कचं पहिलं व्हर्जन आलं होतं, आणि कोडइग्नायटर, केकपीएचपी तर पाच-सहा वर्षं आधीपासून होतेच, पण मला तेव्हा वाटायचं की दुसऱ्याचा कोड वाचत बसण्यापेक्षा आपलं आपण लिहिलेलं बरं, आपल्याला पाहिजे तेवढंच असेल, हलकं असेल, फास्ट असेल. पंचवीस-सव्वीस वय, कोल्हापूरचं पाणी, कोण समजावणार.

आम्ही दोघं मित्र, राजारामपुरीत एका खोलीत ऑफिस, आणि गिऱ्हाईक म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात लोखंडी कास्टिंगचं काम प्रचंड चालतं, ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनाचे पार्ट इथनं ओतून जातात. पहिलं मोठं काम मिळालं ते अशाच एका फाउंड्रीचं. मालकांना पाहिजे होतं प्रॉडक्शन, डिस्पॅच, बिलं आणि फेटलिंगच्या कंत्राटदारांचा हिशेब. फेटलिंग म्हणजे कास्टिंग मोल्डमधनं काढल्यावर त्याला चिकटलेलं रनर-रायझर (रस ओतायच्या वाटांमधलं जादा लोखंड) तोडून, ग्राइंडिंग करून साफ करायचं काम. ते सगळं कंत्राटावर, कुठं किलोवर रेट, कुठं नगावर, आणि रिजेक्शन झालं तर पैशांची कापाकापी. मालकांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं, "बाकी कसं बी करा, पण ह्या फेटलिंगच्या हिशेबानं मला दर महिन्याला दहा तारखेला डोकं धरून बसायला लागतंय, तेवढं मिटवा."

आणि आम्ही काय केलं? आठ महिने पाया बांधला. लॉगिन, युजरचे राइट्स, मेनू कसा आपोआप तयार होईल, यूआरएल कशा सुंदर दिसतील, टेम्पलेटची माझी स्वतःची भाषा (तिच्यात कंडिशन लिहायला चौकटी कंस वापरायचे, मला फार अभिमान होता). फेटलिंगचा हिशेब शेवटच्या दोन दिवसांत, रात्री जागून, रंकाळ्यावरनं आणलेली भेळ खात उरकला. साहजिकच तो चुकला. हे मला कळायला बरीच वर्षं लागली, म्हणजे हिशेब चुकला हे पहिल्या दहा तारखेलाच कळलं, पण वेळ कुठं घातला आणि कुठं घालायला पाहिजे होता हे नंतर.

बरं, जे आठ महिने घालून केलं ते तरी चांगलं होतं का?

एक किस्सा सांगतो. फाउंड्रीला गोव्याचं एक गिऱ्हाईक मिळालं, आडनाव डिसूझा. इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर एक टिंब येतं, अपॉस्ट्रॉफी. बिल सेव्ह केलं की स्क्रीन पांढरी. कारण माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, हे नुसतं स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडलेलं प्रकरण, त्या टिंबानं क्वेरी मध्येच बंद व्हायची. मी काय केलं, तर टिंबाच्या जागी स्पेस टाकली. गिऱ्हाइकाचा फोन, आमचं नाव चुकतंय, बिल परत पाठवतोय. मग टिंबाच्या आधी बॅकस्लॅश टाकला. पण त्या सर्व्हरवर पीएचपीचं मॅजिक कोट्स नावाचं भूत चालू होतं, ते स्वतःच एक स्लॅश टाकायचं, मग माझा एक, आणि प्रत्येक वेळी एडिट करून सेव्ह केलं की अजून वाढायचे. महिन्याभरात डिसूझांच्या नावात सात का आठ स्लॅश झाले, बिलाची प्रिंट बघून डिस्पॅचचा पोरगा म्हणाला, "दादा, हे नाव हाय का जिना हाय?"

विनोद सोडा, पण ज्या भोकातनं डिसूझांचं टिंब आत शिरत होतं त्याच भोकातनं कुणीही आमचा सगळा डेटाबेस पुसून टाकू शकला असता. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. मला शब्द माहिती होता, पण आपल्या घरात साप असेल असं कुणाला वाटतं. आणि प्रत्येक बऱ्या फ्रेमवर्कमध्ये तो प्रश्न कधीच मिटवलेला होता, व्हॅल्यू वेगळी आणि क्वेरी वेगळी पाठवायची, संपला विषय. मॅजिक कोट्स तर पीएचपीवाल्यांनीच २०१२ साली ५.४ मधनं काढून टाकलं. पासवर्ड मी एमडी५ नावाच्या कच्च्या पद्धतीनं ठेवत होतो आणि वर स्वतःला सिक्युरिटीवाला समजत होतो, ते जाऊ दे.

दुसरी गोष्ट कोडची नाही, खतावणीची आहे, आणि खरं तर मला ती जास्त लागली. मला वाटलं बिलं तर आपण करतोयच, मग पार्टीची बाकी पण आपल्यातच ठेवू, टॅली कशाला? म्हणून पार्टीच्या टेबलात एक कॉलम टाकला, बाकी. बिल झालं की त्यात मिळवा, पैसे आले की वजा करा. साधं. फाउंड्रीतले अकाउंटवाले काका, साठीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यांनी स्क्रीनवर एका पार्टीची बाकी बघितली आणि विचारलं, "हा आकडा आला कुठनं?" मी म्हटलं सिस्टीमनं काढलाय. "ते झालं रे, पण कशातनं काढलाय ते दाखव की." आता दाखवणार काय? मी जुना आकडा पुसून त्याच्यावर नवा लिहीत होतो. मध्ये कुणी बिल कॅन्सल केलं, कुणी रक्कम बदलली, काहीच माग नाही. काकांनी काही न बोलता टॅली उघडलं, त्या पार्टीचं लेजर काढलं, एक-एक ओळ, तारीख, व्हाउचर, नावे, जमा, आणि खाली बाकी. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाळा, कीर्द-खतावणी तू नव्यानं शोधायची गरज न्हाई. ती शोधून झाल्या."

खरंच झालीय. नावे-जमेची दुहेरी पद्धत लुका पाचोली नावाच्या इटलीतल्या पाद्र्यानं १४९४ साली व्हेनिसमध्ये पुस्तक छापून लोकांपुढं आणली, आणि त्यानं पण ती शोधली नव्हती, तिथले व्यापारी आधीपासून जशी वही ठेवत होते ती त्यानं नीट लिहून काढली. पाचशे वर्षं त्या पद्धतीत व्यापाऱ्यांनी एकमेकांना फसवून बघितलंय, चुका करून बघितल्यात, आणि तरी पद्धत टिकली. आणि मी एका कॉलमवर तिला हरवायला निघालो होतो.

हे मला पुढं परत परत दिसत गेलं. जँगो नावाचं फ्रेमवर्क बघा (आम्ही पहिले तीन महिने त्याला डीजँगो म्हणायचो, डी सायलेंट आहे हे यूट्यूबवर कळलं). ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका पेपरच्या ऑफिसात तयार झालं, २००३ च्या आसपास. तिथल्या प्रोग्रॅमरना संपादक लोक येऊन सांगायचे, आज संध्याकाळपर्यंत हे पान पाहिजे, उद्यापर्यंत ते पाहिजे. त्या घाईत जे-जे परत परत लिहायला लागत होतं ते त्यांनी बाजूला काढत नेलं आणि २००५ साली लोकांसाठी खुलं केलं. रेल्स नावाच्या फ्रेमवर्कचं पण तेच, बेसकॅम्प नावाचं सॉफ्टवेअर बनवताना त्यातनं काढलेलं. म्हणजे आधी काम, मग त्यातनं फ्रेमवर्क. माझा पाया मात्र आधी डोक्यात तयार झाला आणि मग त्याच्यात फाउंड्री कोंबली. जँगोबरोबर ॲडमिन स्क्रीन फुकट मिळते ना, ती उगाच नाही, बातमीदार लोकांना मजकूर भरायला काहीतरी झटपट पाहिजे होतं म्हणून ती आहे. आमच्या क्वालिटीच्या मॅडम आजही त्याच स्क्रीनवर काम करतात, मी त्यांच्यासाठी वेगळी सुंदर स्क्रीन बनवून दिली तर म्हणाल्या जुनीच ठेवा.

त्या मॅडमचा विषय निघालाच तर हीट नंबरचं सांगतो. भट्टीतनं एका वेळी जेवढा रस निघतो ती एक हीट. त्याचं केमिकल चेक होतं, त्याला नंबर पडतो, आणि तो नंबर कास्टिंगवर असतो, म्हणजे उद्या एखादा पार्ट तडकला तर कुठल्या दिवशीच्या कुठल्या हीटचा ते कळावं. आमच्या फाउंड्रीत पद्धत काय, तर १ जानेवारीला १ पासून चालू. मला पण ते सोपं वाटलं, मी सॉफ्टवेअरमध्ये तसंच घातलं, वर्ष संपलं की जुना डेटा दुसऱ्या टेबलात. मग एका फेब्रुवारीत मोठ्या गिऱ्हाइकाकडनं फोटो आला, क्रॅक, हीट नंबर ४१. कुठली ४१? ह्या जानेवारीतली का मागच्या? त्यांच्या गोडाऊनला दोन्ही वर्षांचा माल पडलेला. शेवटी दोन्ही हीटचे पार्ट बाजूला काढून तपासायला आमची चार माणसं आठवडाभर त्यांच्या गावात राहिली, लॉजचं बिल, ओव्हरटाइम, सगळं अंगावर.

ह्याच्यानंतर मालकांनी ह्या मॅडमना आणलं, आधी पुण्याकडं ऑटोच्या कंपनीत होत्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात हीट नंबर बदलला, वर्षाला एक अक्षर, महिन्याला एक अक्षर, मग तारीख, मग त्या दिवशीची कितवी हीट. मी म्हटलं हे तुम्ही कसं शोधलं? त्या म्हणाल्या, "शोधायचं काय त्यात, सगळीकडं असंच असतं." मला थोडं लागलंच ते.

आणि मग आयएटीएफ १६९४९ हे क्वालिटीचं स्टँडर्ड आलं, ऑटो कंपन्यांना माल द्यायचा असेल तर लागतंच. २०१६ ला हे नाव पडलं, आधी टीएस म्हणायचे. मला ही सगळी भानगड म्हणजे कागदं रंगवायचा धंदा वाटायची. काही ठिकाणी आहेच तो. मी अशी फाउंड्री बघितलीय जिथं कन्सल्टंटनं तयार मॅन्युअल आणून कंपनीचं नाव बदलून दिलेलं आणि आत वेल्डिंग करताना घ्यायच्या काळजीचं अख्खं प्रकरण. तिथं वेल्डिंग होतच नाही! ऑडिटरनं विचारलं वेल्डिंग शॉप कुठाय, तर सुपरवायझर त्याला कँटीनकडं घेऊन गेला म्हणे. चहा पाजायला.

पण आमच्याकडं मॅडमनी ते मनावर घेतलं आणि मी जवळनं बघितलं म्हणून माझं मत बदललं. आठ-डी म्हणून एक फॉर्मॅट असतो तक्रार आली की भरायचा, आठ पायऱ्या. त्यातली तिसरी पायरी मला फार आवडते. मूळ कारण शोधायच्या आधी, कुणाची चूक हे ठरवायच्या आधी, खराब माल पुढं जायचा थांबवा. बस. आधी आमच्याकडं तक्रार आली की पहिला तास मोल्डिंगवाला आणि मेल्टिंगवाला एकमेकांच्या अंगावर जायचे, सँड खराब होती, नाही रस थंड होता, आणि तोपर्यंत तोच माल गाडीत भरला जात असायचा. आता ओरडा होतो, पण गाडी थांबवून होतो. मग खाली पाच वेळा "का?" असं विचारायचं, आणि उत्तर लिहायला जागा असते ती कारणाची, माणसाच्या नावाची नसते. मुद्दाम तसं केलंय का माहिती नाही पण त्यानं भांडण निम्म्यावर येतं हे नक्की. एफएमईए पण तसंच, काय-काय बिघडू शकतं त्याची बिघडायच्या आधीच यादी करायची, ही पद्धत अमेरिकन लष्करानं १९४९ साली कागदावर आणलेली. आपल्या शिरोलीत ती कोअर शॉपच्या भिंतीवर लावलीय, तिच्यावर भट्टीचा धूर बसलाय, पण लोक वाचतात.

आता पाया कसा मेला ते. ३१ मार्च २०१८, शनिवार, संध्याकाळ. वर्षअखेर, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात माल पाठवायला ई-वे बिल (गाडीबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) चालू होणार म्हणून सगळ्यांना आजच गाड्या काढायच्या. डिस्पॅचला दोन कॉम्प्युटरवर दोन पोरं धडाधड बिलं काढतायत. माझा कोड काय करायचा, तर शेवटचा बिल नंबर वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि सेव्ह करायचा. दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं की दोघांना तोच शेवटचा नंबर दिसणार. वर्षभर असं झालं असेल-नसेल, त्या दिवशी चार वेळा झालं. एकाच नंबरची दोन-दोन बिलं, एक बेळगावला, एक पुण्याला, गाड्या टोलनाक्याच्या पुढं. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये स्वच्छ लिहिलंय की बिल नंबर क्रमानं आणि त्या आर्थिक वर्षात एकच पाहिजे. काका मला फोनवर एवढंच म्हणाले, "ये." मी रात्री साडेआठला पोचलो आणि पहाटे तीनला घरी गेलो.

त्या रात्री उत्तर शोधत होतो तेव्हा दिसलं की हे दुखणं इतकं जुनं आहे की डेटाबेसमध्ये त्याला ट्रॅन्झॅक्शन, लॉक, युनिक कन्स्ट्रेंट अशी तीन-तीन औषधं आहेत आणि जँगोत ती दोन ओळीत लागतात. वर होस्टिंगवाले मागं लागलेले, पीएचपी ७ करा, आणि पायात मायएसक्यूएलची जी जुनी फंक्शन होती ती ७ मध्ये काढूनच टाकलेली. म्हणजे एक तर सगळं परत लिहा किंवा सोडून द्या. सोडलं. पावसाळाभर बसून जँगोत उतरवलं, चार महिने लागले.

फ्रेमवर्क घेतलं म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. २०१६ मध्ये मी हौसेनं एक डॅशबोर्ड अँग्युलरजेएस नावाच्या, स्क्रीन बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये केला, त्याच वर्षी अँग्युलर २ आलं आणि ते इतकं वेगळं की नाव सोडून काही जुळेना. जुन्याचा सपोर्ट २०२१ च्या डिसेंबरला बंद. तो डॅशबोर्ड मी दोन वेळा लिहिलाय आणि आता तो साध्या एचटीएमएलमध्ये आहे, कुणाची तक्रार नाही. जँगो पण दर आठ महिन्यांनी नवीन येतं, एलटीएस, म्हणजे जास्त दिवस सपोर्ट मिळणारं व्हर्जन, घेतलं तरी तीन वर्षांनी हलायलाच लागतं, आणि प्रत्येक वेळी एखादी लायब्ररी रुसून बसते. आणि स्क्रम, म्हणजे टीमनं मिळून काम करायची एक पद्धत. माझ्या मित्रानं पुण्यात दोन दिवसांचा कोर्स केला आणि आम्ही दोघं एका टेबलाला समोरासमोर बसणारी माणसं रोज सकाळी उभं राहून एकमेकांना काल काय केलं ते सांगायला लागलो. तो समोरच बसून करत होता की! पंधरा दिवस टिकलं. दहा माणसांच्या टीमला त्याचा उपयोग असेल, असणारच, पण दुखणं नसताना औषध घेतलं की असं होतं.

मध्ये मला डेंग्यू झाला तेव्हाचा फरक मात्र सांगायला पाहिजे. पायाच्या जमान्यात एकदा टायफॉइडनं दहा दिवस पडलो होतो तर मित्र हॉस्पिटलात लॅपटॉप घेऊन यायचा, सलाइन लावलेल्या हातानं मी त्याला सांगायचो कुठल्या फाइलमध्ये काय आहे, कारण डॉक्युमेंटेशन म्हणजे माझं डोकं आणि त्याला ताप. डेंग्यूच्या वेळी सांगलीचा एक पोरगा नुकताच लागला होता, त्याला आमचा प्रोजेक्ट आठवडाभर जुना, पण जँगो कॉलेजपासून येत होतं. मॉडेल कुठं, व्ह्यू कुठं हे त्याला विचारावंच लागलं नाही. मी घरी आलो तेव्हा त्यानं दोन बग काढून ठेवले होते, त्यातला एक माझाच.

मग आता आम्ही करतो काय, वेळ कुठं जातो? तर ज्याचं तयार उत्तर कुठंच नाही त्याच्यात. रात्रपाळी अकराला चालू होते आणि सकाळी सातला संपते, मग रात्री दोनला ओतलेली हीट कुठल्या तारखेची? घड्याळ म्हणतं आजची, फाउंड्री म्हणते कालची, कारण पाळी कालची. हे कुठल्या फ्रेमवर्कला विचारणार.

आणि फेटलिंग, अर्थातच. गेल्या आठवड्यात मी, काकांच्या जागी आलेली नवीन अकाउंटंट मुलगी, मॅडम आणि कंत्राटदार मामा असे चौघं शेडमध्ये बसलो होतो. प्रश्न असा, की मामांच्या माणसांनी कास्टिंग साफ करून दिलं आणि मग ते रिजेक्ट झालं, तर पैसे द्यायचे का? आत्तापर्यंत माझा कोड सरसकट कापत होता, २०१२ च्या त्या भेळेच्या रात्रीपासून, जँगोत उतरवताना पण मी ते तसंच उचललेलं. मामा म्हणाले, आत ब्लो होल (ओतताना हवा अडकून झालेलं भोक) निघालं तर त्यात माझ्या पोरांची काय चूक, त्यांनी ग्राइंडर मारला म्हणूनच तर ते दिसलं. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे, पण ग्राइंडिंग जास्त होऊन माप गेलं तर तुमचं. मग हँडलिंगमध्ये कोपरा तुटला तर? ह्याच्यावर अर्धा तास गेला. दोन तास, तीन चहा, एक वहीचं पान भरलं. ऑफिसात येऊन कोड लिहिला तो अकरा ओळींचा.

संध्याकाळी मामांना फोन करून सांगितलं की पुढच्या दहा तारखेपासून ब्लो होलचे पैसे कापले जाणार नाहीत. ते म्हणाले, "मग मागच्या बारा वर्षांचं काढून ठेव."